तेवीस नंबरचं घर

पुणे,
४ सप्टेंबर १९८६

ती. भागम्माकाकूंस,
मल्लिकार्जुनचा सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली कारळाची चटणी पोचली. खोलीतल्या दोघांनी ती तीन दिवसांत संपवली आणि आता मला सोडून तुमचीच चौकशी करतात. मेसच्या जेवणाबद्दल न लिहिलेलं बरं.

काकू, एक काम आहे. काकांना न विचारता थेट तुम्हाला सांगतोय, तेवढं पोटात घाला. माझ्या एम. फिल.चा विषय काकांनी तुम्हाला कितपत सांगितला कोण जाणे. माणसं दानधर्म करतात, तो किती करतात आणि कशावरून, याचं गणित मांडायचं आहे. घरात माणसं किती, जमीन किती, पीक किती आलं, पोरीचं लग्न झालंय की व्हायचंय, एवढं कळलं तर ते घर वर्षाला साधारण किती देईल, हे आधी सांगता येईल का, असा प्रश्न. त्यासाठी आपल्या कौडवाडीतल्या चाळीस घरांचे फॉर्म काकांकडून भरून घेतले. फॉर्मवर नाव नाही, फक्त नंबर. कोणता नंबर कुणाचा, ती यादी तुमच्याच घरी आहे. मला ती नको, म्हणजे लोकांनाही धास्ती नको.

जमीन, पीक, विक्री हे रकाने बरे भरलेत. पण दानाच्या रकान्यात चाळीसपैकी एकतीस घरांनी ‘मंदिरास रु. ५१’ असंच लिहिलंय. आमच्या मॅडमनी कागद चाळले आणि म्हणाल्या की हे सगळे पुरुष एकाच ओट्यावर बसून एकमेकांचं बघून लिहीत होते. काकांच्या रेशन दुकानाचा ओटा माझ्या डोळ्यांपुढे आला. मॅडमचं म्हणणं असं, की घरातून खरं काय जातं ते बायकांना विचारा. म्हणून दुसरा फॉर्म पाठवतो. वर्षाला घरी खायला किती लागलं, गड्यांना किती गेलं, बियाणं किती ठेवलं, दारात आलेल्याला किती घातलं, एवढंच. तुम्ही चौथीपर्यंत शिकलात आणि चाळीस घरांत तुमचं जाणं-येणं आहे. आणखी एक. काकांनी बौद्धवाड्यातलं एकही घर घेतलेलं नाही. तिथलीही घ्या, दोन्ही फॉर्म भरून.

काकांना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
मल्लिकार्जुन


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
कौडवाडी, पो. बोरी, ता. जिंतूर,
३० सप्टेंबर १९८६

चि. मल्लिकार्जुन यास काकूचे पोटभर आशीर्वाद.

तुझा कागद आला तेव्हापासून मी गावात हिंडायलेय. तुझ्या काकांनी दोनदा विचारलं, येवढी कुठं जातेस. मी म्हनले, पोराचं काम हाय. त्यांना ते आवडलं न्हाई.

गावात लय शक धरलाय लोकांनी. कुणी म्हनतं मल्लिकार्जुन इन्कमटॅक्साच्या खात्यात लागला. कुणी म्हनतं आता ज्यानं जास्त लिहिलं त्याच्याकडून शाळेच्या खोलीसाठी जास्त वर्गणी उकळणार. म्हनून आधी सगळ्यांनी कमी लिहिलं. एकट्या व्यंकटरावानं वाढवून लिहिलं, कारण त्यांना सरपंचाला उभं ऱ्हायचंय. पार्वतीबाई मला म्हनल्या, आमच्या घरचा आकडा तेवढा शेजारणीला सांगू नको. शेजारीण बी तेच म्हनली.

बायका आधी हसतात. म्हनतात, दिलेलं कुणी मोजतं का. पन मग चुलीपुढं बसलं की निघतं. जोगवा मागणारी येते तिला पसाभर. जंगमाला शेर. बाळंतिणीच्या घरी पायली. माहेरचं कुणी अडलं तर सासूला न कळता. हे सगळं मिळवलं तर एकावन्न रुपयांच्या कितीतरी पुढं जातंय. त्यांना बी नवल वाटलं. तानुबाई तर हिशेब ऐकून म्हनली, हे माझ्या मालकाला दाखवू नका.

बौद्धवाड्यात मी पयल्यांदा गेले. खरं सांगते, पाय वळत नव्हता. सुलाबाईनं पोतं टाकलं बसायला. तिथं पंधरा घरं होती, आता अकरा हायेत. जळालेल्या चार जागा तशाच पडल्यात. मी तिकडं बघितलं न्हाई आणि सुलाबाईनं बी काई सांगितलं न्हाई. त्या दंगलीचं, नामांतराचं नाव निघालं की गावात बाया पदर सावरून उठतात. आठ वर्सं झाली तरी तसंच हाय. पन ऐक, त्या अकरा घरांनी मिळून औंदा एका पोरीचं लग्न लावून दिलंय. तुझ्या सूत्रात ते कुठं बसतं बघ.

आपल्या घरचा फॉर्म बी मीच भरला, इमानानं. प्रकृतीला जप. ताप आला तर लपवू नको.

तुझ्यावर जीव असलेली,
भागम्माकाकू


पुणे,
२४ नोव्हेंबर १९८६

ती. काकूंस सा. न. वि. वि.

दिवाळीला येऊ शकलो नाही, याचा राग पत्रात नाही आला तरी मला कळला. तुमच्या करंज्या चुकल्या, ही शिक्षा पुरे आहे.

तुमचे फॉर्म बघून मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं की या बाई कुठल्या कॉलेजात असतात. मी म्हणालो, चुलीच्या कॉलेजात.

आता मी काय केलं ते सांगतो. आलेखाच्या कागदावर प्रत्येक घराचा एक ठिपका दिला. आडव्या बाजूला घराची ऐपत, उभ्या बाजूला दिलेलं. सगळे ठिपके मिळून एक चढती रेघ दिसते. कुणी रेघेच्या जरा वर, कुणी खाली. बौद्धवाड्यातली घरं त्यांच्या ऐपतीच्या मानाने रेघेच्या बरीच वर आहेत. हे मला नवीन होतं.

मग दोन्ही फॉर्म ताडून पाहिले. पुरुषांनी लिहिलेलं पीक, त्यातून विक्री वजा, बायकांनी लिहिलेलं खाणं, गडी, बियाणं, दान वजा. शून्य यायला पाहिजे. बहुतेक घरांत अर्ध्या पोत्याचा फरक, तो उंदीर-घुशींच्या नावे. एकच घर वेगळं आहे. नंबर तेवीस. ज्वारी आली चौतीस पोती, विकली वीस, घरची बाई सांगते दहा. चार पोती गेली कुठं, याचा कुठेच पत्ता नाही. नवऱ्याने विकली नाहीत आणि बायकोने पाहिली नाहीत. खोलीतला मित्र म्हणाला, तेवीस नंबरचा कारभारी दुसरीकडे संसार मांडून बसला असेल. आम्ही बराच वेळ हसलो. तुम्ही त्या बाईला मात्र हे सांगू नका, उगाच घरात आग लागायची.

काकांचा दमा कसा आहे, ते कळवा. आहे तशीच आठवण ठेवा.

तुमचा,
मल्लिकार्जुन


कौडवाडी,
३ डिसेंबर १९८६

चि. मल्लिकार्जुन यास आशीर्वाद.

कागद मिळाला. मी बरी हाय. ह्यांचा दमा थंडीनं वाढलाय, पन दुकान बंद ठेवत न्हाईत. कापूस वेचायला बाया मिळंनात.

तुझ्या गणितात चूक ऱ्हाऊ शकते का, ते कळव. म्हंजे एखादा आकडा उलटा-पालटा पडला असंल, चौतीसच्या जागी तीस असंल. नीट बघ. पुन्हा पुन्हा बघ.

आणि हितून पुढं मला लिहायचं ते चांगुणाबाईच्या पत्त्यावर लिही. ती अंगणवाडीत असते आणि दुसऱ्याचा कागद फोडत न्हाई.

यादी माझ्याजवळ हाय. तेवीस नंबर आपलं घर हाय.

तुझी काकू


पुणे,
१० डिसेंबर १९८६

ती. काकूंस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचल्यापासून मला कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही. मी काय लिहून बसलो. ती वात्रट ओळ माझी नव्हती, पण हसलो मीही होतो आणि लिहिली मीच. पायावर डोकं ठेवून माफी मागतो.

आकडे चार वेळा तपासले. काकांच्या हातचं अक्षर स्वच्छ आहे, चौतीसच आहे. तरी काकू, एका वर्षाच्या एका आकड्यावर माणसाला दोषी धरता येत नाही, हे आमच्या शास्त्रात पहिल्या दिवशी शिकवतात. मापात चूक होते. कुणाला उसनी दिली असतील आणि लिहायचं राहिलं असेल. काकांना सरळ विचारा. नाहीतर विसरून जा, आणि मी ते घर अभ्यासातून काढून टाकतो.

उत्तर लवकर द्या. मला झोप नाही.

तुमचा अपराधी,
मल्लिकार्जुन


कौडवाडी,
१९ डिसेंबर १९८६

चि. मल्लिकार्जुन यास आशीर्वाद.

तू रडू नको. तुझा काय गुन्हा. तू ठिपके मांडलेस.

इसरून जा म्हनतोस, ते होत न्हाई. एकदा मनात शक शिरला की ताटातली भाकरी बी निराळी दिसते. हे वर्षातून चारदा पूर्णेला जातात. ‘पेंडीचा यापारी हाय, भाव बघून येतो’ असं सांगतात. आपल्याकडं दोन म्हशी, आणि पेंड बोरीला मिळती. येवढ्या वर्सांत मला हे सुचलं कसं न्हाई. जाताना नवं धोतर नेसतात. येतात तेव्हा जेवत न्हाईत, तसेच पडून ऱ्हातात. मी म्हनायचे, परवासानं थकले असतील.

आपला जुना गाडीवान दत्तराव, त्याच्या बायकोला मी लुगडं दिलं आणि त्याला ओट्याखाली बसवून विचारलं. आधी नाई नाई म्हनला. मग बोलला की प्रत्येक खेपेला एक पोतं तो बोरीपर्यंत नेतो, तिथून एस.टी.च्या टपावर, परभणीहून रेल्वेनं पूर्णा. उतरवून घ्यायला रेल्वेचा एक मानूस येतो, असं ह्यांच्याच तोंडून त्यानं ऐकलंय, आणि पोत्यावर चिठ्ठी असते. दत्तरावाला वाचता येत न्हाई, पन एकदा त्यानं ह्यांना इचारलं होतं. हे म्हनले होते, कडूबाईचं हाय.

बाईचं नाव ऐकलं आणि माझं डोस्कं बधिर झालं. बत्तीस वर्सं संसार केला, मल्लिकार्जुन. लेकरू झालं न्हाई म्हनून सासूनं दुसरी करायला सांगितली, तेव्हा ह्यांनी नकार दिला. तो नकार मी आजपर्यंत उशाखाली घेऊन झोपले. आता वाटतं, तो खरा होता का लोकांसाठी होता.

मी भांडले न्हाई. वाढते, आणि समोर बसत न्हाई.

तू संक्रांतीला येशील तर परभणीला उतरू नको, तीच गाडी पुढं पूर्णेला जाते. तिथं उतर. रेल्वेच्या वस्तीत कडूबाई कोन हाय, किती वयाची, घरात कोन-कोन, येवढं डोळ्यांनी बघून ये. तुला हे काम सांगायला मला लाज वाटायलीय, पन दुसरं माझं कोन हाय.

तुझी,
भागम्माकाकू


पूर्णा स्टेशन,
८ जानेवारी १९८७

ती. काकूंस सा. न. वि. वि.

वेटिंग रूममध्ये बसून लिहितोय. हे पत्र तुमच्याकडे लवकर पोचावं, म्हणून इथल्याच पेटीत टाकतोय; मी गावाला न येता परत पुण्याला जातोय. परीक्षेचं काम मध्येच आलंय. काकू, आधी दोन घास जेवा आणि मग वाचा, कारण बातमी चांगली आहे.

कडूबाई साठीच्या आहेत. केस पांढरे, पाठीला बाक. रेल्वे क्वार्टरांच्या मागे मातीच्या दोन खोल्यांत मुलगा, सून आणि तीन नातवंडांबरोबर राहतात. मुलगा गँगमन आहे, पोतं उतरवून घेणारा तोच. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. त्या आपल्या कौडवाडीच्याच. बौद्धवाड्यातल्या ज्या चार जागा तुम्ही बघितल्या नाहीत, त्यातली एक त्यांची. अठ्ठ्याहत्तर साली घर जळालं, विझवताना नवऱ्याचे दोन्ही हात भाजले. दोर वळायचं काम करायचे ते, हात गेल्यावर काम गेलं, आणि दोन वर्षांत माणूसही गेला. गावात परत कुणी पाऊल टाकलं नाही.

मी कुणाचा कोण हे सांगितलं, तेव्हा त्यांनी सुनेला चहा ठेवायला लावलं. म्हणाल्या, पहिल्या वर्षी आप्पा, म्हणजे आपले काका, पोतं घेऊन आले, तेव्हा कडूबाईंनी ते रस्त्यावर ओतून दिलं होतं. आप्पांनी ते पुन्हा भरून दारात ठेवलं आणि निघून गेले. तेव्हापासून वर्षाला चार पोती, एकही खेप चुकली नाही. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहितो: “त्या अख्ख्या गावात एकच मानूस निघाला बघा.”

मी बाहेर येऊन रुळांकडे बघत उभा राहिलो. आमचं सूत्र काकांच्या घराने जेवढं द्यावं म्हणतं, त्याच्या पाचपट ते गुपचूप देत आलेत. सगळ्या घरांतला सर्वांत मोठा दाता, आणि आम्ही त्याच्यावर हसलो. काकांच्या पाया पडायचं राहिलंय.

तुमचा,
मल्लिकार्जुन


कौडवाडी,
१६ जानेवारी १९८७

चि. मल्लिकार्जुन यास आशीर्वाद.

संक्रांतीचा तिळगूळ चांगुणाबाईच्या भावाबरोबर पाठवलाय.

तुझा कागद वाचून मी हुश्श केलं, हे खरं. बत्तीस वर्सं एका गावात, पन त्या बाईचं नाव मला ठाऊक नव्हतं. दोन दिवस ह्यांच्यासमोर बसून जेवले. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता हात थांबला.

तू ठिपके बघतोस, मी मानूस बघितलाय. तुझे काका देतात, पन पावती घेऊन देतात. मठाला पंखा दिला, तर तिन्ही पात्यांवर नाव घालून घेतलं. शाळेला घड्याळ दिलं, तर त्यावर आपल्या आज्याचं नाव. असा मानूस आठ वर्सं पोती वाहतो आणि बायकोला सांगत न्हाई, हे मला पटंना. आणि घरं चार जळाली. बाकीचे तिघं सेलूकडं, देवगाव फाट्याला मजुरी करायलेत, हे अख्ख्या गावाला माहीत हाय. त्यांना एक दाणा न्हाई. कडूबाईलाच का.

शक माझा गेला न्हाई, नुसता जागा बदलून बसला.

काल दुपारी दुकान रिकामं होतं. मी जाऊन ह्यांच्या गल्ल्यासमोर उभी ऱ्हायले आणि म्हनले, कडूबाईचं मला समजलंय, आता तुमी सांगा, कशापायी. त्यांच्या हातातलं माप खाली पडलं. उठले आणि शेतात गेले. दिवस मावळून घटका झाली तरी आले न्हाईत. आले, आणि भिंतीकडं तोंड करून बसले. मी म्हनले, मला सांगायचं होत न्हाई तर पोराला लिहा. तो अभ्यास करायलाय, त्याला खरं पाहिजे.

बघ लिहितात का.

तुझी काकू


कौडवाडी,
२७ जानेवारी १९८७

चि. मल्लिकार्जुन यास मन्मथअप्पाचा आशीर्वाद.

पत्रास कारण, तुझ्या काकूच्या सांगण्यावरून लिहीत आहे. हा कागद तिने वाचलेला आहे.

तू पूर्णेला जाऊन आलास. तिथं तुला जे सांगितलं ते कडूबाईला वाटतं तसं आहे, खरं तसं नाही.

सन अठ्ठ्याहत्तर, ऑगस्टचा पहिला आठवडा. विद्यापीठाच्या नावावरून सगळीकडे पेटलं होतं. दिवस मावळतीला चारजण दुकानावर आले. नावं इथं लिहीत नाही, काकूला सांगितली आहेत. त्यातले दोघं आजही माझ्या ओट्यावर बसून पेपर वाचतात. त्यांनी दोन डबे पुढं केले. रेशन कार्डाशिवाय मी सख्ख्या भावाला रॉकेल दिलेलं नाही. त्या दिवशी मी कार्ड मागितलं नाही. माप घेतलं आणि डबे भरून दिले. कशाला पाहिजे, हे विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. त्यांनी पैसे दिले आणि मी घेतले.

नंतर मी दुकानाला कुलूप लावून ओट्यावर उभा राहिलो. तिथून पलीकडचा वाडा दिसतो. कडूबाईचा नवरा हातांनी छपराची लाकडं ओढत होता ते मी बघितलं. माझ्या घरात चार घागरी पाणी होतं.

पोलीस आले तेव्हा मी कुणाला पाहिलं नाही असं सांगितलं. सगळ्या गावानं तेच सांगितलं. केस उभी राहिली नाही.

बाकीच्या तिघांना का देत नाही, असं तुझी काकू विचारते. तिघांकडं बघायची हिंमत झाली नाही. एकाच घरापर्यंत झाली.

तुझ्या अभ्यासात हे दानाच्या रकान्यात घालू नको. ते दान नाही. त्याला काय म्हणतात ते तुमच्या पुस्तकात असेल तर बघ.

तुझा काका,
मन्मथअप्पा


पुणे,
५ फेब्रुवारी १९८७

ती. काका-काकूंस सा. न. वि. वि.

काका, तुमचं पत्र मिळालं. तीन वेळा उत्तर लिहून फाडलं, म्हणून उशीर. मला तुमचा राग आला, आणि तुम्ही मला शिकवलंत, वाढवलंत, तेही त्याच वेळी आठवत राहिलं. यापेक्षा जास्त आज लिहिता येत नाही.

नाव-गाव न सांगता मॅडमना विचारलं, असं घर अभ्यासात ठेवावं का. त्या म्हणाल्या, ठेवलंत तर रेघ चुकीची वर जाते. काढलंत तर का काढलं ते लिहावं लागेल. मी काढलं. कारणाच्या जागी ‘ही देणगी नाही’ एवढंच लिहिलं.

काकू, माझ्या मनाला दुसरीच गोष्ट खाते आहे. कडूबाईंना हे माहीत नाही. त्यांच्या घरी चहा पिऊन, त्यांनी केलेली काकांची स्तुती ऐकून मी मान डोलावली. त्यांना सांगितलं पाहिजे, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, गँगमनच्या पगारात सहा तोंडं आहेत, पोती चालू राहिली तर नातवंडं जेवतील, सांगून आपण फक्त आपलं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवू. मला ठरवता येत नाही. खरं सांगायचं तर, मी स्वतः जाऊन सांगायला भितो.

तुम्ही काय ठरवाल ते मला कळवा.

तुमचा,
मल्लिकार्जुन


कौडवाडी,
४ मार्च १९८७

चि. मल्लिकार्जुन यास काकूचे आशीर्वाद.

तुझा कागद आला त्याच आठवड्यात मी ह्यांना म्हनले, आपन दोघं पूर्णेला जाऊ. त्या बाईला ती काय खातेय ते समजलं पाहिजे. पोती बंद होतील, होऊ द्या.  सकाळी उठून हे धोतर नेसले.

कडूबाईनं आमाला बघून सुनेला हाक मारली, सतरंजी टाकली. मला म्हनली, बाई, तुमी आलात, लय बरं वाटलं. ह्यांनी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. बसले न्हाईत. चौघं आले, डबे भरून दिले, पैसे घेतले, सगळं. मुलगा ड्यूटीवरनं आला होता, तो दारात थांबला. कडूबाई ऐकत होती आणि हातातली तुरीची डाळ निवडत होती. हात काई थांबला न्हाई. ह्यांचं सांगून झाल्यावर तिनं सूप खाली ठेवलं. आठ वर्सं ती ह्यांना आप्पा, तुमी, असं म्हनायची. आता म्हनली, “त्या दिवशी दुपारी मी बाटली आणि कार्ड घेऊन आले होते. तू म्हनलास, रॉकेल संपलं.”

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, तुला बी लिहिलं नव्हतं. खाली बघून म्हनले, पिंपात होतं, त्या चौघांसाठी ठेवलं होतं.

मुलगा पुढं आला, तर तिनंच त्याला हातानं अडवलं. मग ह्यांना म्हनली, माझ्या उंबऱ्यात येऊन सांगून काय फायदा, जिथं मापलं तिथं सांग. मी येते ऐकायला. आणि पोतं पुन्हा पाठवू नको.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडं रॉकेल वाटायचं होतं. अख्खं गाव डबे घेऊन ओट्यापुढं. कडूबाई मुलासंगं सकाळच्या एस.टी.नं बोरीला उतरली, तिथून चालत आली. साडेआठ वर्सांनी. बौद्धवाड्यातल्या बाया तिच्यामागं येऊन उभ्या ऱ्हायल्या. ह्यांनी ओट्यावर उभं ऱ्हाऊन सांगितलं. दम लागत होता, थांबत थांबत सांगितलं. ह्या वेळी दुपारचं बी सांगितलं, रॉकेल असून न्हाई म्हनल्याचं. चौघांची नावं घेतली. त्यात व्यंकटरावाचं बी होतं. ते समोरच पेपर घेऊन बसले होते. घडी घातली, उठले आणि म्हनले, आप्पाचं डोस्कं फिरलंय, दम्याची गोळी चढली. कुणी हसलं न्हाई. मला वाटलं होतं लोक निघून जातील, न्हाईतर ह्यांच्यावर धावून जातील. तसं काईच झालं न्हाई. रांग जशी होती तशीच ऱ्हायली. एकानं डबा पुढं केला. रॉकेल पाहिजे होतं.

ह्यांनी माप हातात घेतलंच न्हाई. खाली उतरले आणि कडूबाईच्या मुलासंगं पोलीस ठाण्यात गेले. जबाब दिला, सही केली. साहेबानं लिहून घेतलं, पुढं काय होईल ते त्यालाच माहीत. व्यंकटरावाची मानसं परवा घरासमोरनं दोनदा जीपनं गेली. दुकानाचा परवाना जाईल असं बोलतात. जाऊ दे.

ते ठाण्यात गेले तेव्हा कडूबाई तिच्या जागेवर गेली. मी मागं मागं. तिथं बाभळी माजल्यात आणि कुणाच्या तरी म्हशी बांधल्यात. ती एका जागी उभी ऱ्हायली, मला वाटतं तिथं चूल असंल. ऊन लय होतं. सकाळपासनं ती चालली होती, व्हट सुकले होते. मी पळत घरी आले, पितळेचा तांब्या घासला, माठातलं पाणी भरलं, वर पेला ठेवला. मल्लिकार्जुन, आपल्या घरचं पाणी त्या वाड्यात नेणारी मी पयलीच बाई असंन. जाताना मला वाटत होतं, मी लय मोठं काम करायलेय. तिच्यापुढं धरलं. तिनं तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. मग सुलाबाईच्या दाराकडं चालत गेली आणि तिच्याकडं पाणी मागून प्याली.

मी तांब्या घेऊन तिथंच उभी होते.

हे जेवतात, मी वाढते. तुझ्या अभ्यासाला यश येऊ दे. गावाकडं ये, आता पत्रं घरच्याच पत्त्यावर पाठव.

तुझी,
भागम्माकाकू